सातव्या संयुगाचं वर्तुळ

१

नित्याने काचेच्या बशीवरचं झाकण उचललं. बशीत वर्तुळ नव्हतं.

ते असायला हवं होतं. जंतुनाशक औषधाची ही परीक्षा तशी साधी असते. बशीत खळीसारखा थर ओततात, त्यावर जंतू पसरतात, वर औषधात भिजवलेली कागदाची टिकली ठेवतात आणि बशी रात्रभर उबेत सोडून देतात. औषधात दम असला तर सकाळी टिकलीभोवती स्वच्छ, जंतूविना गोल दिसतो. दम नसला तर जंतू टिकलीला खेटून वाढतात. दसऱ्याच्या वेळच्या आयुधपूजेच्या सुटीआधी नित्याच्या सातव्या संयुगाने असा काही गोल दिला होता की गुरुमूर्ती सर मोबाइलवरचा फोटो भेटेल त्याला दाखवत सुटले होते. आज त्याच संयुगाच्या टिकलीला जंतू असे बिलगले होते की तिथे औषध नव्हे, साखर ठेवली असावी.

"दुसरी बघ गे," चंद्रमती हळूच म्हणाली. दुसरीतही तेच होतं.

चंद्रमती शेजारच्या सूक्ष्मजीव विभागात काम करायची. बशा लावणं, गोल मोजणं हे तिचं काम. ती तिरुवैयारूची, नित्या तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतली. दोघी मराठी घरातल्या आणि शाळेपासूनच्या मैत्रिणी. सगळ्या विभागात मराठी बोलणाऱ्या या दोघीच होत्या आणि कोणाला कळू द्यायचं नसलं की त्या मराठीत शिरायच्या.

गुरुमूर्ती सर आले, त्यांनी बशी उजेडात धरली. नित्या त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होती. कार्बनच्या कड्यात नायट्रोजन आणि गंधक बसवून नवनवी संयुगं घडवायची आणि ती जंतूंना मारतात का पाहायचं, हे त्यांचं काम. सहा संयुगं वाया गेल्यावर सातवं लागलं होतं. आता निबंध छापायचा तर नव्याने बनवून पुन्हा तपासा, असं बाहेरच्या परीक्षकांनी कळवलं होतं. नित्याने पूजेनंतर तसंच केलं आणि हे असं झालं.

"ठीक आहे," सर म्हणाले. "पहिल्या खेपेची पूड उरलीय ना? ती आण. दोन्ही शेजारी शेजारी लावू. म्हणजे खरं काय ते कळेल."

नित्या धावतच फ्रिजपाशी गेली. पूड उजेडाने बिघडू नये म्हणून तिने ती तपकिरी काचेच्या कुपीत घालून मधल्या फळीवर, कोपऱ्यात ठेवली होती. फळीवर तिच्या सगळ्या कुप्या ओळीने होत्या. कोपरा तेवढा रिकामा होता.

२

"तुझ्यावर मी आरोप करत नाही," गुरुमूर्ती सर संध्याकाळी म्हणाले आणि मग बराच वेळ तेच करत राहिले. पहिल्या पुडीत तयार औषध मिसळलेलं असलं तर गोल येणारच. आता तपासायची वेळ आली तर पूड गायब. लोक काय म्हणतील? सोमवारी समिती बसेल. तोवर कुपी सापडली नाही तर नित्याची नोंदणी रद्द होईल, आणि खोटं संशोधन केलं हा शिक्का कपाळी बसला की दुसरं कोणतंही दार उघडायचं नाही.

नित्या घरी गेलीच नाही. अम्माला तोंड दाखवायचा धीर तिला नव्हता. ती सरळ गल्लीच्या टोकाला गंगाबाई आत्याकडे गेली.

गंगाबाईने उभी हयात सरकारी अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत घालवली होती. हळदीतला रंग, तुपातली चरबी, मिऱ्यातल्या पपईच्या बिया हे सगळं शोधण्यात तिचे केस पांढरे झाले. निवृत्त झाली तरी बाजारातले दुकानदार तिला पाहिलं की तराजू पुसायला घेत. नित्या आली तेव्हा ती स्वयंपाकघरात एका पितळी तुक्कूत, म्हणजे झाकणाच्या डब्यात, वाकून पाहत होती.

"तुझ्या अम्माने रसम पाठवलंय. आतली कल्हई गेलीय, दिसत नाही का तिला?" असं म्हणत तिने सगळं रसम मोरीत ओतलं. "चिंचेचं रसम उघड्या पितळेत. कळकून विष होतंय ते. हं, तुझं तोंड काय म्हणून असं झालंय?"

नित्याने सांगितलं. अर्धं मराठीत, अर्धं तमिळमध्ये, आणि रसायनाचं सगळं इंग्रजीत.

"आधी हे बोल. तू मिसळलंस का काही?"

"आत्या, तूसुद्धा?"

"हळदवाल्यालाही मी हेच विचारायची. होय की नाही?"

"नाही."

"शरी, ठीक. तुमच्याकडे जंतू मारायचं तयार औषध कोणतं असतं?"

"तुलनेसाठी एकच. सिप्रोफ्लॉक्सासिन."

"ते कोणते जंतू मारतं?"

"आम्ही दोन जाती घेतो, स्टॅफ आणि कोलाय. ते दोन्ही मारतं." बोलता बोलता नित्या थांबली. तिने मोबाइलवर पहिल्या बशांचा फोटो उघडला. स्टॅफच्या बशीत ठसठशीत गोल होता. कोलायच्या बशीत काहीच नव्हतं.

"तर मग," गंगाबाई म्हणाली, "सिप्रो मिसळलं असतं तर कोलायही मेले असते. तू खरं बोलतेस. पदार्थाला खोटं बोलता येत नाही गे. माणसांचं निराळं."

नित्याला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं. सकाळपासून कोणीतरी पहिल्यांदाच तिला खरी म्हटलं होतं.

"रडून झालं की ऐक. एवढ्याने तुझे सर ऐकायचे नव्हेत. दुसरं कुठलं औषध बाहेरून आणलं म्हणतील. कुपी पाहिजे. फ्रिजची किल्ली कोणाकडे?"

"एक सरांकडे, एक चंद्राकडे, एक आमच्या लॅबमध्ये खिळ्याला. तिथे मी आणि सतीशकुमार."

"दुसऱ्या खेपेची पूड कोणी बदलली असेल का?"

"नाही. मी स्वतः तपासली. पहिलीपेक्षा नेमकी वितळते, म्हणजे जास्त शुद्ध. रंगही हळदीसारखा लख्ख आहे. पहिली जरा मळकट होती."

"मळकट म्हणजे कशी?"

नित्याने आठवून पाहिलं. संध्याकाळी, मिणमिणत्या ट्यूबलाइटखाली गाळलेली पूड. "मळकट पिवळी. वाळली तशी कुपीत भरली. पुन्हा उघडली ती नळीत थोडी विरघळवायला."

"आणीक चंद्रमतीला पूड दिलीस का कधी?"

"छे. तिला मी विरघळवूनच देते, नळीवर नुसता आकडा. कशात काय आहे ते तिला कळू नये असा नियम आहे. पातळ केल्यावर सगळी सारखीच फिकट पिवळी दिसतात."

गंगाबाईने रिकामा तुक्कू पालथा घातला. "उद्या मी येते. पूड चांगली झाली आणि औषध वाईट झालं. असलं भेसळीचं प्रकरण माझ्या तरी पाहण्यात नाही."

३

शनिवारी लॅब जवळजवळ रिकामी होती. महाराष्ट्रात खंडेनवमीला शस्त्रं पूजतात, इथे आयुधपूजेला ज्याच्या त्याच्या पोटापाण्याची हत्यारं. शिंप्याचं मशीन, बसचं चाक, आणि प्रयोगशाळेत तराजू, भट्टी, पंप. सगळ्यांवर चंदनकुंकवाचे ठिपके अजून तसेच होते. कोपऱ्यात शुद्ध पाणी गाळायचं जुनं तांब्याचं यंत्र आणि त्याखाली पाणी साठवायची तांब्याची टाकी होती. टाकीच्या गळ्यात सुकलेली झेंडूची माळ होती. टाकीवरचं कुंकू नित्याने स्वतःच्या बोटाने लावलं होतं. तेव्हा ती लखलखती टाकी पाहून तिला फार प्रसन्न वाटलं होतं.

सतीशकुमार आपल्या टेबलाशी होता. नित्याहून एक वर्ष पुढचा. त्याच्या एकाही संयुगाने कधी गोल दिला नव्हता, आणि सातव्याचं कौतुक सुरू झाल्यापासून तो नित्याला पाण्यात पाहतो असं सगळे म्हणत. नित्यालाही तसंच वाटे.

"मी तिच्या कुपीला हात लावला नाही," गंगाबाईने काही विचारायच्या आतच तो म्हणाला.

"मी कुपीचं विचारलंच नाही, तम्बी. पूजेची तयारी कोणी केली?"

"मी." त्याची नजर खाली गेली. "आदल्या दिवशी. एकटाच होतो."

"काय काय केलंस?"

"झाडलं, पुसलं. दरवर्षी करतात तेच."

गंगाबाई मोरीपाशी गेली. "नित्या, पूजेच्या दिवशी तू पहिल्यांदा आत आलीस तेव्हा इथे काही निराळं होतं का? आठव."

नित्याला आठवलं ते अगदीच क्षुल्लक होतं. "मोरीत चिंचेचा वास येत होता. कोणीतरी पुळियोदरै खाऊन हात धुतले असतील."

"आयुधपूजेला हरभऱ्याचं सुंडल असतं, कुरमुरे असतात," गंगाबाई म्हणाली. "चिंचेचा भात कोणाकडे करतात?" तिने सतीशकुमारकडे पाहिलं. तो पंख्याकडे पाहत होता. त्याच्या कपाळावर घाम होता आणि पंखा तर जोरात फिरत होता.

इतक्यात गुरुमूर्ती सर दारात आले. त्यांचा चेहरा ओढलेला होता. गावातल्या तूपवाल्यांना आणि रसायनवाल्यांना गंगाबाई सारखीच ठाऊक होती. तिला लॅबमध्ये यायला नाही म्हणणं त्यांना जमलं नव्हतं.

"मी हे सांगणार नव्हतो," ते म्हणाले, "पण माझंही नाव त्या निबंधावर आहे. आत्ताच वॉचमनशी बोललो. पूजेच्या आदल्या दिवशी सतीशकुमार गोणपाटात काहीतरी गुंडाळून फाटकाबाहेर घेऊन गेला."

सतीशकुमार आपल्या टेबलाकडे वळला. त्याने ओठ घट्ट मिटले ते मिटलेच.

४

"तोच आहे," तिरुवैयारूच्या बसमध्ये नित्या म्हणाली. "आत्या, त्याला बोलतं का केलं नाहीस? सोमवार परवावर आलाय."

"एवढीशी कुपी चोरायला गोणपाट कशाला लागेल? खिशात मावते." गंगाबाईने पदर सावरला. "चंद्रमतीला भेटायचं राहिलंय."

"पण चंद्राला कशाला? ती माझी मैत्रीण आहे."

"म्हणूनच."

नित्याने खिडकीबाहेर पाहिलं. कालवे, भातशेतं, नारळ आणि एकामागून एक पूल. एरवी या रस्त्याला ती डुलकी काढायची. आत्याने चंद्राला दुखवू नये, असं तिला वाटत होतं, आणि त्याखाली आणखी काहीतरी वाटत होतं ज्याला तिने मनात नीट आकार येऊ दिला नाही.

चंद्रमतीचं घर कावेरीच्या घाटाजवळ होतं. ओट्यावर तिचे वडील कोण्या मुलीला वीणा शिकवत होते. चंद्रमतीने कॉफी आणली. तिचे डोळे सुजलेले होते.

"मला रात्रभर झोप नाही," ती म्हणाली. "नित्या, तू सरांना सांगून टाक ना, नळ्या बदलल्या असतील म्हणून. चूक म्हणून. चुकीला एवढी शिक्षा नसते."

"पण माझी चूक नाही झालेली."

"असू दे गे. तसं म्हटल्याने काय होतं?"

गंगाबाईने कॉफीचा घोट घेतला. "बशा लावताना पहिल्या वेळी तुला काही वेगळं वाटलं का?"

"नाही, आत्या. नेहमीसारखं पिवळं पाणी. आकडा लिहिलेली नळी. मी थेंब घातला, झालं. पण गोल आला तेव्हाच मला भीती वाटली होती. आणि आता सगळं त्या हिरवट पुडीवर येऊन अडलंय. ती सापडली नाही तर निदान कोणाला काही सिद्धही करता यायचं नाही, होय ना?"

बाहेर ओट्यावर वीणेची तार चुकीची वाजली आणि वडिलांनी ती पुन्हा वाजवायला लावली. गंगाबाईने पेला खाली ठेवला.

"हिरवट," ती म्हणाली. "नित्याला ती मळकट पिवळी वाटली, तीही ट्यूबच्या उजेडात. तुझ्याकडे आलं ते पिवळं पाणी. कुपी तपकिरी, बाहेरून आतला रंग कळायचा नव्हे. कुपी उघडून, उन्हात पूड पाहिल्याशिवाय ती हिरवट आहे हे कोणाला कळेल, बाळ?"

चंद्रमतीने हातातला ट्रे खाली ठेवला आणि ती आतल्या खोलीत गेली.

५

कुपी तिच्या कपाटात, साड्यांच्या घडीत होती. ती आणून तिने नित्याच्या हातावर ठेवली आणि मग भिंतीला टेकून खालीच बसली.

"मला वाटलं तू काहीतरी घातलंस त्यात," ती म्हणाली. "सहा वेळा काही नाही आणि सातव्या वेळी असा गोल. तुझ्या घरी सगळे लग्नाच्या मागे लागलेले, यंदा संशोधन पुरं झालं नाही तर सोड म्हणतात असं तू म्हणाली होतीस. माणूस कंटाळून करतो कधीतरी. परीक्षकांनी पुन्हा तपासायला सांगितलं तेव्हा मी घाबरले. पूडच नसली तर कोण पकडेल, असं वाटलं. मी तुला वाचवत होते गे."

नित्याला राग यायला हवा होता. तो आला नाही. शत्रूने कुपी पळवली असती तर ते सोपं होतं. "म्हणजे तुझाही विश्वास नव्हता," ती म्हणाली. "विचारायचं तरी होतंस."

गंगाबाईने मात्र दोघींकडे लक्षच दिलं नव्हतं. ती ओट्यावर उन्हात उभी राहून पुडीची चिमूट पांढऱ्या कागदावर पसरत होती. पूड शेवाळी दिसत होती.

"हा रंग मी जन्मभर पाहिलाय," ती म्हणाली. "चला, उठा दोघी. रडायला पुढे पुष्कळ वेळ आहे."

गुरुमूर्ती सर आणि सतीशकुमार लॅबमध्येच होते, एकमेकांकडे पाठ करून. कुपी सापडली, एवढंच म्हणून गंगाबाईने ती सरांपुढे ठेवली, पाण्याच्या टाकीचं झाकण काढलं आणि नित्याला आत पाहायला सांगितलं. आतला भाग चांदीसारखा पांढराशुभ्र होता.

"नित्या, तुझं संयुग तयार झालं की शेवटी काय करतेस?"

"पुष्कळशा पाण्यात ओतते. मग ते खाली बसतं. गाळून, पाण्याने धुऊन वाळवते."

"या पाण्यात?"

"याच."

"पूजेच्या आधी ही टाकी आतून कशी होती, सतीशकुमार?"

सतीशकुमार खाली मान घालून म्हणाला, "हिरवी. कल्हई पार उडाली होती. नुसतं तांबं, त्यावर हिरवा थर. मला पाहवेना. पूजेला निदान स्वच्छ असावी म्हणून चिंचेने घासली, गोणपाटात बांधली आणि भांड्यांच्या बाजारात नेऊन कल्हई लावून आणली. कॉलेजची वस्तू परवानगीशिवाय फाटकाबाहेर नेता येत नाही. म्हणून बोललो नाही, सर."

नित्याला मोरीत ओतलेलं रसम आठवलं. "तांबं," ती म्हणाली. "पहिल्या वेळी पाण्यात तांबं उतरलं होतं. आणि सातव्याच्या कड्यांमध्ये नायट्रोजन आणि गंधक असे समोरासमोर आहेत की ते तांब्याला चिमट्यासारखं धरतं. म्हणून पूड हिरवी झाली."

"पाणी सगळ्यांना तेच होतं," गंगाबाई म्हणाली. "धरायला हात फक्त तुझ्या सातव्याला. सतीशकुमारच्यांना नव्हते. पूजेनंतर तांबं गेलं, पूड शुद्ध झाली, आणि औषध मेलं. इथे कोणी काही मिसळलं नव्हे, असलेली भेसळ काढून टाकली."

गुरुमूर्ती सर मटकन स्टुलावर बसले. "पण एवढा मोठा बदल झाला आणि कोणी लॅबच्या वहीत का नाही लिहिला?"

सतीशकुमारने खरोखर गोंधळून त्यांच्याकडे पाहिलं. "पूजा वहीत कोण लिहितं, सर?"

सरांनी स्वतः त्या टाकीला कापूर ओवाळला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

"हे सगळं अजून बोलणं झालं," सर शेवटी म्हणाले. "समितीला बोलणं चालायचं नाही. आणि हे चुकीचं निघालं तर, नित्या, माझ्या हातात काही उरणार नाही."

६

बशा शनिवारीच लावायच्या ठरल्या, आणि त्या चंद्रमतीने लावायच्या असं गंगाबाईने सांगितलं.

"तिने?" नित्या मराठीत म्हणाली. "आत्या, तिचाच तर विश्वास नाही."

"ज्याचा नाही त्यानेच पाहावं. ज्याचा आहे त्याच्या डोळ्यांना काहीही दिसतं."

आकडे सरांनी घातले आणि कशात काय आहे ते आपल्यापाशी ठेवलं. एका नळीत जुनी हिरवट पूड, दुसरीत नवी पिवळी, तिसरीत नुसतं तांब्याच्या क्षाराचं अगदी पातळ पाणी, आणि चौथीत पिवळी पूड अधिक तेच पाणी. तिसऱ्या नळीत खरी गोम होती. नुसत्या तांब्यानेच जंतू मेले तर नित्याच्या संयुगाचं काम काहीच नाही, आणि तिची सगळी वर्षं पाण्यात. चंद्रमतीने टिकल्या ठेवल्या तेव्हा तिचे हात स्थिर होते. नित्या दारापाशी उभी होती आणि ती आत गेली नाही.

रविवार उजाडला. विभागात सगळे येऊन उभे राहिले तेव्हा तिने डोळे मिटून घेतले. उबवणीच्या कपाटाचं दार उघडल्याचा आवाज झाला.

"पहिल्या आकड्याला गोल आहे," चंद्रमती म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "दुसऱ्याला नाही. तिसऱ्याला नाही." ती थांबली. "चौथ्याला आहे. पहिल्याहून मोठा."

सरांनी खिशातून कागद काढला, पाहिला आणि न बोलता नित्यापुढे धरला. तिने त्यावरचे आकडे बशांशी ताडून पाहिले. पिवळी पूड एकटी काही करत नव्हती, तांबं एकटं काही करत नव्हतं, आणि दोन्ही मिळून जंतूंना जवळ फिरकू देत नव्हती. ती खोटी नव्हती. हे तिला ठाऊकच होतं, तरी गेल्या दोन रात्रींत तिलाही मधूनच शंका येऊ लागली होती.

"निबंध पुन्हा लिहावा लागेल," सर म्हणाले. "आधीचा दावा चुकीचा होता."

"हो सर," नित्या म्हणाली. एवढ्या आनंदाने आपली चूक आजवर कोणी कबूल केली नसेल.

कुपीचं काय सांगायचं ते मात्र ठरलं नव्हतं. गंगाबाईने समितीसाठी लिहून दिलेल्या टिपणात टाकी होती, कल्हई होती, बशा होत्या. कुपी कोठे होती ते नव्हतं. "ते सांगणं माझं नव्हे," एवढंच ती म्हणाली. नित्याने रविवारची संध्याकाळ विचार करण्यात घालवली आणि ठरवलं की आपणही बोलायचं नाही.

सोमवारी समितीने टिपण वाचलं, बशांचे फोटो पाहिले, सतीशकुमारला टाकीबद्दल चार शब्द सुनावले. नित्याची नोंदणी कायम राहिली. अध्यक्ष फाइल मिटायला लागले तेव्हा म्हणाले, "ती कुपी तेवढी कुठे सापडली? फ्रिजमध्येच मागे गेली होती वाटतं."

हो म्हणणं फार सोपं होतं. नित्याने तोंड उघडलंही.

"माझ्या घरी होती," मागच्या खुर्चीवरून चंद्रमती म्हणाली. ती उभी राहिली. "मी नेली होती. नित्याने भेसळ केली असं मला वाटलं होतं. तिला ठाऊक नव्हतं."

अध्यक्षांनी फाइल पुन्हा उघडली. मग जे व्हायचं ते झालं: चंद्रमतीला या कामातून काढलं आणि वर्षभर कोणाच्याही नमुन्यांना हात लावायचा नाही असं लिहून दिलं. तिने कागदावर सही केली आणि पिशवी उचलून बाहेर पडली.

नित्या स्टँडवरून स्कूटी काढत होती. चंद्रमती फाटकापाशी बसची वाट पाहत उभी होती, उन्हात, छत्री न उघडता. नित्या तिच्या पुढून गेली. थोडं पुढे जाऊन थांबली, आणि पायाने ढकलत स्कूटी मागे आणली.

"बस."

"तुला उलटं पडेल गे."

"बस म्हटलं ना."

स्कूटीने पहिले पूल ओलांडले. भातशेतांवरून वारा येत होता आणि मागून चंद्रमतीचा हात खांद्यावर टेकत नव्हता, सीटच्या कडीला धरून होता. कावेरीच्या पुलाआधी रस्त्यात खड्डा आला, स्कूटी उसळली आणि तो हात आपसूक खांद्यावर आला.

"मी विचारायला पाहिजे होतं," चंद्रमती म्हणाली.

"हो," नित्या म्हणाली. "पाहिजे होतं."

तिने हात झटकला नाही. पुढे खड्डे नव्हते, तरी तिने गाडी सावकाश चालवली.